दहा नंबरची चप्पल

हुडकेश्वरच्या त्या नव्या वसाहतीत, ले-आउटमध्ये, एप्रिलपासून पाच घरं फुटली, आणि पाचही भरदुपारी. रात्रीच्या चोराचा माणूस काहीतरी बंदोबस्त करून असतो. कुत्री भुंकतात, चौकीदार शिट्टी मारतो. पण नागपूरची मे महिन्यातली दुपार म्हणजे दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि घराघरात कूलरची अशी घरघर, की शेजारची भिंत पडली तरी कळू नये. अशा वेळी दोघं जण येत. गळ्यात ओळखपत्र, हातात वही, पाण्याचं मीटर बघायचंय म्हणत. दारात बाई आली की त्यांचा पहिला प्रश्न एकच असे: "साहेब घरी आहेत का?" बाई नाही म्हणाली की आत घुसून कारभार आटोपला.

चौदा नंबरच्या घरातला रजत भोयर हे ऐकून आठ दिवस नीट झोपला नाही. तो कोराडीच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होता. दिवसभर समोर पडदे, पडद्यांवर आकडे, आणि आकडा आपली मर्यादा सोडून हलला की घंटी. बारा वर्षं हेच काम केल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट पडद्यावर दिसली पाहिजे, असं त्याला वाटू लागलं होतं. सकाळी सव्वासातला तो स्टाफ बस पकडायचा आणि संध्याकाळी पावणेसातला परत यायचा. मधले साडेअकरा तास घर पंचवीस किलोमीटरवर, आणि घरात वैभवी एकटी.

त्यानं चार कॅमेरे बसवले. एक गेटवर, एक पोर्चमध्ये, एक बैठकीत आणि एक स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाच्या अगदी वर. कॅमेरे लावायला आलेल्या माणसानं विचारलंही, की चोर गेटातून येतो, त्याला स्वयंपाकघरात काय बघायचं? रजत म्हणाला, "मागचं दार दिसलं पाहिजे." मागचं दार न्हाणीघराजवळ होतं, स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यात ते दिसण्याची काही सोय नव्हती. तो माणूस शहाणा, त्यानं पुढं विचारलं नाही.

खरं सांगायचं तर रजतच्या भीतीत चोराचा वाटा निम्माच होता. बाकीची निम्मी वैभवी होती. लग्नाआधी ती धरमपेठेत एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लग्नानंतरही दीड वर्ष जात होती. एकदा रजत तिला घ्यायला लवकर गेला आणि रस्त्याच्या पलीकडे उभा राहून काचेतून बघत बसला. एका गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी नीट बसवताना वैभवीनं त्याची हनुवटी दोन बोटांनी किंचित वर केली. कामच होतं ते. त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाचं वय साठीच्या पुढं होतं. पण रजतच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि पंधरा दिवसांत वैभवीची नोकरी सुटली. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, त्याला कोण काय करणार?

कॅमेऱ्यांना बोलायचीही सोय होती. फोनवर बटण दाबलं की रजतचा आवाज थेट घरात निघे. जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडायच्या आधी फोन उघडायचा. वैभवी भाजी निवडत असायची, आणि वरून आवाज यायचा, "कोणाचा फोन आलता आत्ता?" ती मान वर करून कॅमेऱ्याला उत्तर द्यायची, "आईचा." पहिले काही दिवस ती दचकायची. मग दचकायची थांबली.

सहावी चोरी शेजारच्या कुसुमताईंकडे झाली. त्यांच्याकडेही कॅमेरा होता. संध्याकाळी त्या रजतच्या पोर्चमध्ये येऊन बसल्या. पन्नाशीची, तोंडाची फटकळ बाई, पण त्या दिवशी आवाज खाली होता.

"क्यामेऱ्यात चोर दिसते भाऊ, थांबत नाही," त्या म्हणाल्या. "माह्या घरचाही दिसला. टोपी घालून होता. आता त्या टोपीचं मी काय करू?"

"मग काय करावं म्हणता?"

"घरात माणूस आहे असं वाटलं पाहिजे. दाराशी मरदाची चप्पल ठेवा. दोरीवर सदरा टांगत जा. अन् वैभवी, तू घंटी वाजली का आधी आत तोंड करून आवाज देत जा वं. अहो, पहा बरं कोण आलं. घरात कोणी असो का नसो. चोरायले ऐकू गेलं पाहिजे. माही सासू हेच करे, मीच शहाणी झालती."

रजतला हे पटलं. त्यानं लगेच आपली जुनी चप्पल आणून उंबऱ्याशी ठेवली. कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं. रजतचा पाय सहा नंबरचा होता.

"हे तं शाळेतल्या पोराची वाटते, भाऊ," त्या म्हणाल्या.

वैभवी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, आणि ते हसू असं आपल्यावर खर्ची पडलेलं रजतला झोंबलं.

पुढच्या बुधवारी बसमधून उतरून तो सक्करदऱ्याच्या बाजारात गेला. नवी चप्पल ठेवली तर चोर ओळखेल, म्हणून जुनीच पाहिजे होती. ताडपत्रीवर वापरलेल्या जोड्यांचा ढीग घालून एक म्हातारा बसला होता. रजतच्या पायांकडे बघून तो लहान माप शोधू लागला, तेव्हा रजत म्हणाला, "मोठी दाखवा. दहा नंबर."

"कोणासाठी?"

"घरासाठी."

म्हाताऱ्यानं ढिगाच्या तळातून एक जोड काढला. काळं कातडं, टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली, आणि आत पाचही बोटांचे काळपट खळगे उमटलेले. चालून चालून चपलेनं आपल्या माणसाचा पाय पाठ केला होता. परक्याचं पायताण घरात आणू नये, असं रजतची आई म्हणायची. पण आई गावी होती, आणि ही चप्पल काही कोणाला पायात घालायची नव्हती. त्याच फेरीत त्यानं चव्वेचाळीस नंबरचा एक निळा सदराही घेतला. घरी आल्यावर दोन्ही वस्तू स्वतःच्या हातानं जागच्या जागी लावल्या, गेटाबाहेर जाऊन पाहिलं, आणि घरात एक धिप्पाड माणूस आहे असं त्याला स्वतःलाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला. रजत कॅंटीनमध्ये बसून फोनवर बघत होता. घंटी वाजली. वैभवीनं पदर सारखा केला, रिकाम्या बैठकीकडे तोंड केलं आणि लाजत, जरा अडखळत म्हणाली, "अहो... पहा बरं कोण आलं."

बंदोबस्त चोख झाला म्हणून रजतला बरं वाटलं. मग घास चावता चावता ते बरं वाटणं कुठंतरी अडकलं. अहो म्हणून ती त्यालाच हाक मारायची. सहा वर्षं मारत होती. पण इतक्या मऊ आवाजात कधी मारली होती, ते त्याला काही केल्या आठवेना.

आठवडाभरात वैभवीची भीड चेपली. ती रोज सकाळी चपलेची दिशा बदलायची. सारखी एकाच जागी दिसली तर नाटक उघडं पडेल म्हणून. निळा सदरा रोज दोरीवर तोच तो नको, म्हणून धुवायची, वाळवायची. एका संध्याकाळी रजत घरी आला तर ती त्या सदऱ्याला इस्त्री करत होती. कॉलर आधी, मग बाह्या, मग बटणांची पट्टी. रजतचे कामाचे शर्ट खुर्चीवर तसेच पडले होते, वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेचा करडा थर कॉलरवर घेऊन.

"त्याले काहून इस्त्री पाहिजे?" रजतनं विचारलं.

"चुरगळलेला सदरा पाहून चोर काय म्हणन," ती म्हणाली. "या घरच्या माणसाकडं कोणी लक्ष देत नाही म्हणन."

यात खोट काढावी असं काहीच नव्हतं. पण जेवताना रजतला भाजी खारट लागली. वैभवीला लागली नाही.

चपलेचा पहिला घोळ त्याच आठवड्यात झाला. कॅमेरा हालचाल असेल तेवढंच टिपायचा; ती दिवसभराची टिपणं रजत रात्रीच्या जेवणाआधी ओळीनं बघायचा. मंगळवारच्या टिपणांत दुपारी एक चाळीसला मांजर पोर्चमधून गेलं, तेव्हा चप्पल उंबऱ्याशी होती. दोन दहाला वाऱ्यानं कुंडी हलली, तेव्हा चप्पल नव्हती. तीनला वैभवी दार उघडून बाहेर डोकावली, तेव्हा चप्पल होती, पण टाचा दाराकडे. मधल्या वेळात पोर्चमध्ये कोणी आल्याचं कॅमेऱ्याला माहीत नव्हतं.

"चप्पल तू उचलली होती का?"

"नाही. मी निजली होती," वैभवी म्हणाली.

त्यानं कॅमेऱ्याची तार तपासली, घड्याळ तपासलं, भिंतीवर चढून काच पुसली. सगळं ठाकठीक होतं. यंत्रात दोष नसेल तर दोष माणसात, हा कंट्रोल रूमचा नियम. त्यानं मनात एक माणूस पक्का केला. कॅमेरा कुठून कुठं बघतो हे ज्याला माहीत आहे, असा कोणीतरी. वैभवीच सांगत असणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चोर सापडले. दोघंही. ले-आउटच्या तिसऱ्या गल्लीत प्रेमानंद नावाचे हवालदार राहत. रविवारी सकाळी दुधाच्या टपरीवर त्यांनी सगळ्यांना ही बातमी सांगितली. लोकांनी त्यांना चहा पाजला. मग प्रेमानंद रजतकडे वळून म्हणाले, "रजतभाऊ, तुमचं घर वाचलं ते तुमच्या पाहुण्यामुळं."

"कोणता पाहुणा?"

"थो चोर म्हणे ना, चौदा नंबरवर दोन खेपा आलो होतो साहेब. दोन्ही टाइम पोर्चमधी खुर्चीवर माणूस बसून होता. हा एवढा. पेपर वाचत नव्हता, झोपला नव्हता. आमच्याकडंच पाहून राहिला होता म्हणे."

टपरीवर सगळे हसले. कोणीतरी विचारलं, की साळा आला का गा तुझा? रजतही हसला. मग दूध न घेताच उठला.

घरी येऊन त्यानं जुनी टिपणं काढली. प्रेमानंदनी दिवस सांगितले होते, एक मंगळवार आणि एक शुक्रवार. शुक्रवारचं सापडलं. दुपारचे अडीच. गेटाशी दोघं जण. एकानं गेटाच्या कडीला हात घातला आणि तो तसाच थांबला. तो पोर्चकडे बघत होता. गेटाशी हालचाल झाली की पोर्चचाही कॅमेरा चालू व्हायचा; तो त्याच क्षणाला काय दाखवतो, ते रजतनं लावलं. प्लास्टिकची खुर्ची, रिकामी. खुर्चीच्या पायांपुढं चप्पल, जोडीनं. पुन्हा गेटाचा कॅमेरा. चोरानं कडीवरचा हात काढला. मग त्यानं, एखाद्या घरधन्यापुढं वाकावं तसं, त्या खुर्चीपुढं मान लववली आणि तो मागं सरकला.

रजतनं हे अकरा वेळा पाहिलं. दुसरा कोणी असता तर घाबरून कोराडीच्या देवीला नारळ फोडून आला असता. रजतच्या मनात एकच प्रश्न आला. हा इथं कधीपासून बसतो?

त्यानंतर त्याचं कामात चित्त राहिलं नाही. दिवसभर तो फोनवर डोळ्यांत तेल घालून वैभवीला बघायचा. ती बदलली होती, यात शंका नव्हती. स्वयंपाक करताना ती बोलायची. आवाज टिपला जाई, शब्द कूलरच्या घरघरीत बुडायचे. बोलून ती थांबायची, समोर कोणी ऐकतंय तसं. कधी मान हलवायची. एकदा पोळी लाटता लाटता इतकी हसली, की तिला लाटणं खाली ठेवावं लागलं. सहा वर्षांत रजतच्या कोणत्या बोलण्यावर ती अशी हसली होती? तो हिशेब करायला बसला आणि हिशेब शून्यावर आला.

एका बुधवारी त्यानं कोणाला न सांगता रजा टाकली. नेहमीसारखा डबा घेतला, सव्वासातला निघाला, चौकापर्यंत गेला आणि मागच्या रस्त्यानं परत आला. घरासमोर एक घर अर्धवट बांधून पडलं होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर तो बसला. समोर स्वतःचं घर, हातात फोन. कोणीही आलं तरी एकतर डोळ्यांना दिसणार, नाहीतर कॅमेऱ्याला.

सकाळभर कोणी आलं नाही. दहा वाजता वैभवीनं केस धुतले. अकरा वाजता ती बेसन घोटायला बसली. रजतला कळेना ही काय करते, मग तिनं थाळीवर बेसन थापलं, वर खोबरं-कोथिंबीर पेरली आणि सुरीनं वड्या पाडल्या. पाटोडी. रजतला पाटोडीचा रस्सा जीव की प्राण. मागच्या दिवाळीत त्यानं मागितला तेव्हा ती म्हणाली होती, लय खटाटोप असते, हात दुखतात.

बाराच्या पुढं उन्हानं सिमेंट तापलं. रजतच्या शर्टाला पाठ चिकटली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

एक वाजता वैभवीनं दोन ताटं वाढली.

एक स्वतःसमोर. दुसरं समोरच्या खुर्चीपुढं. तिनं ती खुर्ची टेबलापासून जरा मागं ओढून दिली, वाटीत रस्सा वाढला, वर तर्री घातली, लिंबाची फोड ठेवली. खुर्ची रिकामी होती. कॅमेरा अगदी वर होता, खुर्चीची बैठक, पाठ, सगळं स्वच्छ दिसत होतं.

वैभवी जेवायला लागली. जेवता जेवता ती काहीतरी सांगू लागली.

रजतनं बोलायचं बटण दाबलं. "कोणाले वाढून राहिली वं?"

आपला आवाज त्या घरात निघालेला त्याला फोनमधून ऐकू आला. वैभवीनं मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. ती दचकली नाही. तिनं कॅमेऱ्याला उत्तरही दिलं नाही. मग ती समोरच्या खुर्चीकडे वळली आणि पाहुण्याची समजूत काढावी अशा सुरात म्हणाली, "काही नाही. दुपारचा येते असा आवाज. तुम्ही जेवा."

तो जिना उतरला, धावत रस्ता ओलांडला आणि किल्लीनं दार उघडून आत शिरला. बैठकीत कोणी नाही. झोपायच्या खोलीत नाही. न्हाणीघर, मागचं दार, गच्चीचा जिना, पलंगाखाली. त्यानं सगळं पालथं घातलं. वैभवी टेबलाशी बसून होती. समोरच्या ताटातली पाटोडी संपली होती. भाताला बोटांची ओढ दिसत होती आणि लिंबाची फोड पिळलेली होती.

रजतनं खुर्चीवर हात ठेवला. बैठक कोमट होती.

"कोण जेवलं?"

वैभवीनं हातातला घास संपवला. मग म्हणाली, "तुम्हालेच पटलं होतं ना? घरात माणूस आहे असं वाटलं पाहिजे म्हणून." तिनं आपलं ताट बाजूला सरकवलं. "मले वाटते आता."

"काय बोलते तो तुह्यासंग?"

"ते बोलत नाहीत. ऐकतात."

रजत तिच्यावर ओरडला नाही. ओरडायला समोर माणूस लागतो, आणि वैभवी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्या उष्ट्या ताटाकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत ओशाळेपणा नव्हता. मत्सर काय चीज आहे ते रजतला वाटलं होतं आपल्याला पुरतं ठाऊक आहे. ते आजवरचं सगळं लुटुपुटुचं होतं. हनुवटी वर करून घेणारा तो म्हातारा निदान नोट मोजून निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं निळ्या सदऱ्याचे चार तुकडे करून फरशी पुसायला टाकले. चप्पल जुन्या पोत्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली. वैभवी दारात उभी राहून बघत होती. तिनं एकच विचारलं, "उन्हाचे कसे चालतीन ते?"

कोराडीला पोचल्यावर रजत आधी कंट्रोल रूमला गेला नाही. कोळसा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याकडे गेला. गिरणीकडे निघालेला कोळसा काळ्या पाण्यासारखा वाहत होता. पोतं त्यानं पट्ट्यावर टाकलं आणि ते बोगद्यात जाऊन दिसेनासं होईपर्यंत उभा राहिला. गिरणीत भुगा, भुग्याची भट्टीत राख. तिथून परत आलेलं त्यानं बारा वर्षांत काही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी घर सुतासारखं सरळ होतं. एक वाजता वैभवीनं एकच ताट वाढलं आणि अर्धं टाकून दिलं. दुपारी घंटी वाजली, तेव्हा तिनं आत तोंड करून हाक मारली नाही. उशीर लावून उठली, दार उघडलं, पार्सल घेतलं, दार लावलं. बैठकीत येऊन नुसती बसली. माणूस गेलेल्या घरातली बाई बसते तशी. रजतला तिची दया आली नाही. खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. पाच वाजता ती दोन पिशव्या घेऊन बाजाराला निघाली. बाहेरून कुलूप लावताना कॅमेऱ्यात नीट दिसली, दोनदा ओढून पाहिलेलं दार. तेवढं पाहून रजतनं फोन खिशात घातला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच पूर्ण तासभर बाहेर काढला नाही.

येताना त्यानं संत्रा बर्फीचा डबा घेतला. गल्लीच्या तोंडाशी वैभवी भेटली, बाजारातून परत येत होती. एका हातात भाजी, दुसऱ्या हातात टरबुजाची पिशवी, वजनानं एका अंगाला कललेली.

"आले?" ती म्हणाली.

"आलो. बर्फी आणली."

ती बरं म्हणाली. दोघं मिळून गेटातून आत आले. उन्हं अजून पोर्चमध्ये होती. उंबऱ्याशी रिकामी जागा होती, चपलेच्या आकाराची, धूळ न बसलेली. रजतला ती बघून समाधान वाटलं.

त्यानं किल्ली फिरवली. कुलूप उघडलं. दार उघडलं नाही.

त्यानं खांदा लावला. दार वरून आणि खालून घट्ट होतं. आतून कड्या लागल्या होत्या.

"मागच्या दारानं कोणी शिरलं," तो हळूच म्हणाला. "थांब. प्रेमानंदले फोन करतो."

त्यानं फोन काढला. चारही कॅमेरे चालू होते. बैठक रिकामी. स्वयंपाकघर रिकामं. पाच वाजल्यापासून घरात कसलीही हालचाल झाल्याची नोंद नव्हती.

वैभवीनं भाजीची पिशवी खाली ठेवली. कपाळावरचे केस मागं सारले, पदर नीट केला. मग दाराला तोंड लावून, त्या मऊ आवाजात म्हणाली, "उघडा हो. मी आहे."

आतून काही आलं नाही.

तिनं क्षणभर विचार केला. रजत तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "एकटीच आहे."

आत फरशीवर पावलं वाजली. जड, अनवाणी. दाराशी येऊन थांबली. आधी वरची कडी निघाली. तिला वैभवीचा हात पोचत नसे, रजतलाही टाचा उंच कराव्या लागत. मग खालची निघाली. दार उघडलं, एका माणसापुरतं. आत अंधूक बैठक होती, कूलर चालू होता, आणि गरम राखेचा वास आला.

वैभवीच्या बोटांत टरबुजाची पिशवी रुतली होती. ती पिशवी आपोआप वर उचलली गेली, तिच्या बोटांतून अलगद सुटली, आणि फरशीला न टेकता आत गेली. तिनं दुखरी बोटं एकदा चोळली, भाजीची पिशवी उचलली आणि त्यामागोमाग आत पाऊल टाकलं.